गाभण धरून दोनशे एक्क्याऐंशी

हिंगोलीहून समुद्र लांब आहे. पश्चिमेला निघालं तर एक अख्खी रात्र आणि पुढचा अर्धा दिवस बसमध्ये जातो. पूर्वेला निघून समुद्राला लागल्याचं अजून कुणी परत येऊन सांगितलेलं नाही. तरीही रागिणी गेले आठ महिने रोज सकाळी कनेरगाव नाक्यावर जीपच्या मागच्या बाकावर पाचवी म्हणून बसायची, हिंगोलीला कॉलेजात उतरायची आणि संध्याकाळपर्यंत समुद्र मोजायची.

गावात हे काम कुणाला नीट सांगता येत नसे. तिची आई यशोदाबाई विचारणाऱ्याला सांगायची, "काचंत बघती दिवसभर." यावर एका बाईने स्वतःच्या लेकीच्या लग्नाचा योग बघायला दोनदा निरोप पाठवला होता.

सगळ्याचं मूळ अनिरुद्ध सर. सरांचं शिक्षण किनाऱ्यावर, समुद्रातल्या तरंगत्या जिवांवर झालेलं. ज्यांना पोहून स्वतःची दिशा ठरवता येत नाही आणि पाणी नेईल तिकडे जावं लागतं, त्या बारीक जिवांना प्लवक म्हणतात. शिक्षण संपलं तेव्हा समुद्राकाठी जागा निघत नव्हती, हिंगोलीत निघाली. तेव्हा सर पाणी नेईल तिकडे आले. येताना कोकणातल्या एका खाडीचा प्रकल्प घेऊन आले. खाडीत दर महिन्याला एक होडीवाला चार ठिकाणी बारीक जाळी ओढायचा, जाळीत येईल ते फॉर्मालिनच्या बाटलीत भरायचा आणि खोक्यात घालून पाठवायचा. सहा वर्षं, बारा महिने, चार ठिकाणं. दोनशे अठ्ठ्याऐंशी बाटल्या. खाडीचं पाणी तापतंय, तिथे नवी जेटी झाली, हॉटेलांची गटारं सुटली, कोळंबीची तळी आली. या सगळ्याने बारीक जिवांचं काय झालं, हा प्रश्न. उत्तर बाटल्यांत होतं आणि ते मोजायला रागिणी होती. एमएस्सी प्राणिशास्त्र, पहिला वर्ग, डोळे तेव्हा चांगले.

आता डोळ्यांचं सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दोन शिंगांसारख्या मिशा आणि थेंबासारखं अंग असलेला कोपेपॉड नावाचा जीव तिला डोळे मिटल्यावरही दिसायचा. वरणात तरंगणारं जिरं तिने एकदा मोजलं. एकवीस होतं. मग तिने जेवण पुढे चालू केलं.

आणि एवढं मोजून निष्कर्ष काय, तर फरक नाही. २०१८ साली जेवढे, २०२३ साली जवळपास तेवढेच. आलेख असा सपाट, की त्यावर पापड वाळवावेत. "फरक नाही, हाही निष्कर्षच असतो," सर म्हणाले. पण म्हणताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर होडीवाला पेन्सिलीने दोन शब्द जास्तीचे लिहायचा. २०१८ च्या चिठ्ठ्यांवर असायचं, "पाणी बरं." पुढे पुढे, "पाणी कोमट." मग, "जेटीचा गाळ." शेवटच्या वर्षात सलग नऊ महिने त्याने एकच लिहिलं होतं, "मासळी नाय." या रकान्याला फॉर्मात जागा नव्हती.

असो. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अहवाल जायचा होता. एक तारखेपासून रागिणीला जवळा बाजारच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू व्हायचं होतं. तिथे मोजायला फक्त परीक्षानळ्या होत्या आणि त्या तीस होत्या. आता एकच गोष्ट उरली होती. नियम असा, की दोनशे अठ्ठ्याऐंशींपैकी बारा बाटल्या दुसऱ्या माणसाने मोजायच्या. दोघांच्या आकड्यांत दहा टक्क्यांच्या वर फरक निघाला, तर पहिल्या माणसाची सगळी मोजणी बाद. म्हणजे आठ महिने बाद.

दुसरा माणूस सर स्वतः होणार होते. पण त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यातच कॉलेज परीक्षेचं केंद्र झालं आणि प्राणिशास्त्राच्या खोलीत पर्यवेक्षकांचा चहा ठेवायला लागले. सरांनी सूक्ष्मदर्शक, रेघांच्या काचा आणि बारा बाटल्या जीपमध्ये घालून रागिणीबरोबर कनेरगाव नाक्याला रवाना केल्या.

"मोजायला कुणाला घेऊ सर?"

"ज्याचे डोळे चांगले आहेत, बुडाला धीर आहे आणि ज्याला विज्ञान येत नाही असा माणूस बघा. विज्ञान येणाऱ्याला आधीच माहीत असतं काय दिसायला पाहिजे."

असा माणूस घरातच होता. रागिणीचे वडील पुंजाजी चाळीस वर्षं मेंढ्या राखत होते. वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभं राहून शंभर मेंढ्या पळत आत शिरताना मोजायचे आणि एक कमी असली तर कुठली ते नावानिशी सांगायचे. मेंढ्यांना नावं नव्हती हा भाग वेगळा.

"हे काय हाय?" पुंजाजींनी काचेत डोळा घालून विचारलं. सूक्ष्मदर्शक अंगणात बाजेच्या कडेला स्टुलावर होता. आरशाचा होता, त्याला लाईट लागत नसे, त्यामुळे लाईट असण्या-नसण्याचा प्रश्न नव्हता.

"समुद्रातली मेंढरं समजा बाबा. पाण्यात हिरवं बारीक असतं ते त्याहिचं गवत. हे ते खातात. ह्याहिला माशाचे पिल्लं खातात."

"अन् माशाला आपुन."

"आपुन कुठं खातो? माळ घातली ना तुमी."

"दुनिया खाती." पुंजाजींनी पुन्हा डोळा लावला. "शिंगं हायत."

"शिंगवालेच मोजायचे. बाकी सोडून द्या."

"मरून पडले सगळे."

"जिते असले तर पळतील. मोजता येत न्हाई."

"मंग मोजणी काहून म्हंतेस, पंचनामा म्हन की."

यशोदाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "घरच्या मेंढ्या पाणी पाणी करून राहिल्या, अन् हे समुद्राच्या राखायला बसले."

फॉर्म भरणं आलं. नाव, पुंजाजी. व्यवसाय, मेंढपाळ. मोजणीचा अनुभव, चाळीस वर्षे. सरांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "राहू द्या तसंच. माझा बावीसच वर्षांचा आहे." मग पुंजाजींनी विचारलं, "सही लागती का?" रागिणीने खालची रेघ दाखवली. पुंजाजींनी ती रेघ बराच वेळ बघितली आणि मान हलवली, जसा माणूस एखादी जोखीम डोक्यावर घेतो तशी.

मग तीन दिवस काम चाललं. रागिणी बाटलीतला नमुना साध्या पाण्यात धुवायची, कारण फॉर्मालिन डोळ्यांत गेलं की सासर सोडून माहेरी आल्यासारखं रडू येतं. पिपेटने एक थेंबभर माप काचेवर सोडायची आणि बाजूला व्हायची. पुंजाजी बाजेवर मांडी घालून बसायचे, तोंडाने चकार शब्द काढायचे नाहीत आणि वीस झाले की वाटीत एक चिंचोका टाकायचे. वीस मेंढ्यांची एक खंडी. शनिवारी सकाळी बारावी बाटली संपली.

रागिणीने तिचे आकडे काढले.

"पहिली बाटली, बाबा?"

"चौदा खंड्या अन् वर एक."

दोनशे एक्क्याऐंशी. रागिणीचे दोनशे बारा होते.

तिने दुसरी विचारली, तिसरी विचारली. जुन्या वर्षांच्या सहाही बाटल्यांत बापाचा आकडा तिच्या आकड्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त होता. नव्या वर्षांच्या सहा बाटल्या मात्र जुळत होत्या, पाच-सात टक्क्यांच्या आत.

ती बाजेवर टेकली. याचा अर्थ सरळ होता. जुन्या बाटल्या तिने सुरुवातीला मोजल्या होत्या, नवखी असताना. तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं. पुढे हात बसला तेव्हा बरोबर यायला लागलं. म्हणजे निम्मं काम चूक, म्हणजे सगळं काम चूक. हिवाळा चूक, उन्हाळा चूक, जीपमधला पाचवा नंबर चूक. तिला रडूही येईना. रडायला फॉर्मालिन लागत होतं.

"काय झालं?" यशोदाबाईंनी विचारलं.

"आठ महिने वाया गेले."

"कोन म्हनलं?"

"बाबा."

पुंजाजींनी वर बघितलं. "मी काय म्हनलो?"

तिने पहिल्या बाटलीची नवी काच लावली आणि स्वतः मोजली. दोनशे नऊ. ती काच तशीच ठेवून बापाला बसवलं. चौदा खंड्यांना एक कमी. म्हणजे दोनशे एकोणऐंशी. एकच काच, एकच ऊन, एकाच घरातले डोळे.

"बाबा, तोंडानं मोजा. मला आइकू द्या."

"तोंडानं मोजत न्हाईत. नजर लागती, कमी होतात."

"मेलेले हायत ते."

"मेल्याला नजर लागत न्हाई असं कुन्या पुस्तकात हाय?"

"बाबा, मी हात जोडते."

पुंजाजींनी घराकडे आणि रस्त्याकडे बघून घेतलं. नाक्यावरच्या धाब्यापुढे एक ट्रक सोडला तर कुणी नव्हतं. मग काचेत डोळा घालून, चोरीचा माल सांगावा तसं हळू आवाजात ते मोजायला लागले. "एक. दोन. तीन-चार. पाच. सहा-सात. आठ..."

"थांबा. तीन-चार काय?"

"गाभण हाय ती."

रागिणीने त्यांना बाजूला सारलं आणि बघितलं. काचेवर तिसऱ्या रेघेजवळ एक मादी आडवी पडली होती. तिच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन थैल्या होत्या, ज्वारीच्या पोटऱ्या भरल्यासारख्या. अशा माद्या रागिणीने आठ महिन्यांत हजारोंनी बघितल्या होत्या. एक जीव म्हणून एक मोजून पुढे गेली होती, कारण फॉर्मात तेवढंच विचारलं होतं.

"गाभण एकीला दोन काहून धरल्या?"

पुंजाजींना प्रश्नच कळला नाही. "सहीची मोजणी हाय ना?"

"मंग?"

"वाघरीत घालायची मोजणी येगळी. ती आपली आपल्यासाठी, डोकी मोजायची, झालं. पन भावाभावात वाटनी असली, न्हाईतर कळप दुसऱ्याच्या हवाली करायचा असला, तिथं सही-अंगठा येतो. तिथं गाभण दोन धरायची. पोटातलं त्याच्याकडंच जातं ना? न्हाई धरलं तर उद्या भांडन." त्यांनी तिच्याकडे जरा काळजीने बघितलं. "तुला शिकवलं न्हाई का कॉलेजात?"

"माह्या बापाच्या वाटनीत अशीच एक गाभण दोन धरली होती," यशोदाबाई म्हणाल्या. "ती व्यालीच न्हाई. चुलता अजून बोलत न्हाई आमच्याशी."

रागिणीला हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते पोटातून आलं, त्यामुळे तिला ते लगेच ओळखू आलं नाही. "बाबा, गाभण किती होत्या तुमच्या ध्यानात हाय का?"

हा प्रश्न म्हणजे अपमानच होता. "पहिलीत तीन खंड्या अन् अकरा," पुंजाजी म्हणाले. एकाहत्तर. दोनशे एक्क्याऐंशीतून एकाहत्तर वजा, दोनशे दहा. तिचे दोनशे बारा. जुळलं. दुसरी जुळली. तिसरी जुळली. बाराही बाटल्या जुळल्या, सगळ्या पाच टक्क्यांच्या आत. आठ महिने परत आले. तिने चहा मांडला, तीन कप, साखर हात सैल सोडून.

चहा संपेपर्यंत ती सुखात होती. साधारण सहा मिनिटं.

मग कागद आवरताना तिचं लक्ष गाभणींच्या आकड्यांवर गेलं. वजा करायला म्हणून तिने ते एका बाजूला लिहिले होते. जुन्या बाटल्यांत एकाहत्तर, सहासष्ट, चौऱ्याहत्तर, असे. नव्या बाटल्यांत चौदा, अकरा, नऊ. म्हणूनच नव्या बाटल्यांचे आकडे पहिल्यापासून जुळत होते. तिथे दुप्पट धरायला फारसं काही नव्हतंच.

"बाबा," ती म्हणाली, "ह्या शेवटच्या बाटल्या तुमाला कशा वाटल्या?"

"तो कळप मी घेनार न्हाई." पुंजाजी बिडी शोधत होते. "डोकी बराबर हायत. पन अंगानं बारीक पडलेत, अन् खंडीत गाभण एखादी, कवा तीबी न्हाई. लोकाला वाटंल कळप भरला हाय. घेनाऱ्याला म्हनावं, दोन सालं थांब. मांगं उन्हाळ्यात ऊन चव्वेचाळीसच्या वर गेलं होतं तवा आपल्याकडं असंच झालतं. एडका नुसता हुंगून परत यायचा. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मेंढी एक मेली न्हाई त्या साली. पुढच्या साली कोकरंच न्हाईत."

रागिणीने सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मेंढीची वाटणी त्यांनी दोनदा सांगायला लावली.

"थैल्या फॉर्मालिनमध्ये गळून पडतात रागिणी. जुन्या होतात तशा."

"मग जुन्या बाटल्यांत कमी दिसायला पाहिजेत सर. जुन्यांतच जास्त आहेत."

मग सर म्हणाले, "फॉर्मात तो रकाना नाहीये."

"नाही सर."

"बारा बाटल्यांवरून काही म्हणता येत नाही. सगळ्या परत बघाव्या लागतील. दोनशे अठ्ठ्याऐंशी. मुदत मी मागून घेतो होळीपर्यंत, पण तुमची नेमणूक या महिन्यात संपते. पुढे काही मिळणार नाही. आणि मला डोळा नाही." ते थकले होते, आवाजावरून कळत होतं. "वजाबाकी करून पाठवलंत तर नियमात बसतं. मोजणी जुळली आहे. तुमचं काम सोमवारी संपतं. मी तुम्हाला एका शब्दाने बोलणार नाही."

म्हणजे बोलले असते तर बरं झालं असतं. भांडायला तरी कुणी मिळालं असतं.

दुपारभर रागिणी बाजेवर पडून राहिली. पाठवलं की संपलं. एक तारीख, जवळा बाजार, तीस परीक्षानळ्या. फरक नाही, खाली सही. तिच्या सहीने ती खाडी ठणठणीत ठरणार होती आणि जेटी बांधणारा, गटार सोडणारा, कोळंबीवाला, सगळे तो कागद दाखवत फिरणार होते. होडीवाला मात्र पेन्सिलीने लिहीत राहिला असता. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. डोकी बरोबर होती.

ऊन कलल्यावर पुंजाजी मेंढ्या घेऊन परत आले, वाघरीच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी मनातल्या मनात मोजल्या. मग तिच्याजवळ येऊन म्हणाले, "माही सही राहिली ना अजून? कुठं करू?"

"बाबा, पोटातलं वजा करून आकडा लिव्हला तर कराल सही?"

पुंजाजींनी विचार केला. "तुह्या नोकरीचं असंल तर करतो," ते म्हणाले. "पन घेनाऱ्याला सांगावं लागंल, की कळपात आता गाभण न्हाईत म्हनून."

ती उठली आणि सरांना फोन लावून मुदत मागा म्हणाली. सर "बरं" म्हणाले. त्यांनाही त्याचा आनंद झाल्यासारखा वाटला नाही.

जून लागला. रागिणी जवळा बाजारच्या शाळेत रुजू झाली, परीक्षानळ्या एकोणतीस निघाल्या. शनिवारी संध्याकाळी ती कनेरगाव नाक्याला येते. रविवारी अंगणात सूक्ष्मदर्शक मांडला जातो. एका रविवारी आठ बाटल्या होतात, पाहुणे आले तर पाच. तिने वहीत स्वतः एक रकाना आखला आहे आणि त्यावर "गाभण" असंच लिहिलं आहे. अहवालात त्याला काय म्हणायचं ते सर बघतील.

तिसऱ्या रविवारी २०२१ ची एक बाटली काढली. चिठ्ठीवर "पाणी कोमट" होतं. एकशे अठ्ठ्याण्णव डोकी, गाभण सव्वीस. तिने डोळे चोळले.

"बाबा, आपल्या मेंढ्या गाभण राहिनात तवा तुमी काय केलं होतं?"

"रान बदललं. पार नदीकडं उतरलो, सावली होती, पाणी थंड होतं. मंग राहिल्या."

"समुद्राचं रान कसं बदलायचं?"

पुंजाजी काचेपाशी बसले होते. त्यांनी डोळा काढला आणि समोर बघत राहिले. समोर रस्ता होता, वाशीमकडे जाणारा, आणि त्याच्या पलीकडे सोयाबीनसाठी नांगरून ठेवलेलं रान.

"लई मोठा असंल ना तो?"

"लई."

"मंग त्याला न्यावं अशी जागा न्हाई कुठं," ते म्हणाले. "रानालाच थंड करावं लागंल." आणि ते कसं करायचं हे कुणी विचारायच्या आत त्यांनी पुन्हा काचेत डोळा घातला.